हवेवर आपटलेला आवाज

गेल्या वर्षी आमच्या टीमकडे एका अल्ट्रासाउंड मशीनच्या सॉफ्टवेअरचं काम आलं. क्लायंटचं नाव सांगता येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. माझ्या वाट्याला आले चित्र साफ करणारे फिल्टर. अल्ट्रासाउंडच्या चित्रात खऱ्या अवयवांबरोबर बरीच भुतं दिसतात. आवाज दोन पृष्ठभागांच्या मध्ये चेंडूसारखा टप्पे खात राहिला की नसलेल्या जागी रेघा उमटतात. याला म्हणायचं आर्टिफॅक्ट. वेगवेगळ्या कोनांतून चित्रं घेऊन ती एकमेकांत मिसळली की ही भुतं बरीचशी पुसली जातात. छान काम होतं, गणित भरपूर, मीटिंगा कमी.

आणि मग रिक्वायरमेंटच्या कागदात एक ओळ दिसली. फुफ्फुसाचा मोड निवडला की हे सगळे फिल्टर बंद करायचे. सगळे!

आता ज्या गोष्टीसाठी क्लायंट पैसे मोजतोय तीच बंद का करायची? विचारल्यावर उत्तर मिळालं, "फुफ्फुसात आर्टिफॅक्टच बघायचे असतात." बस, एवढंच. त्यानंतरचे चार-पाच शनिवार-रविवार मी या एका वाक्याच्या मागे घालवले, आणि जे हाती लागलं ते इथे लिहितोय. यात मासे आहेत, घोडा आहे, डुकरं आहेत आणि शेवटी उंदीर. माणसं आहेत, पण ती बऱ्याचदा उशिरा पोचतात.

आधी थोडं फिजिक्स, घाबरू नका. अल्ट्रासाउंड म्हणजे कानाला ऐकू न येणारा आवाज शरीरात पाठवायचा आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून चित्र काढायचं. मांस, रक्त, पाणी यांत हा आवाज साधारण सेकंदाला १५४० मीटर वेगाने जातो. एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना थोडा परत फिरतो, बाकीचा पुढे जातो. मांसातून चरबीत, चरबीतून स्नायूत असं चालू असतं. पण पुढे हवा आली की खेळ खलास. मांस आणि हवा यांच्यात इतका फरक आहे की ९९.९ टक्क्यांच्या आसपास आवाज तिथूनच माघारी फिरतो. सोनोग्राफीच्या आधी पोटावर ते थंडगार जेल थापतात ना, ते याचसाठी. प्रोब आणि कातडी यांच्या मधला हवेचा पातळ थरसुद्धा चालत नाही. मग अख्खं हवेनेच भरलेलं फुफ्फुस कसं दिसणार? म्हणून वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकांत लिहिलेलं असायचं की अल्ट्रासाउंड फुफ्फुसासाठी कामाचा नाही. आपल्याकडेही सोनोग्राफी म्हटलं की बाळंतपण किंवा मुतखडाच आठवतो. तिथे पाणी असतं, आणि पाणी हा अल्ट्रासाउंडचा सखा.

पण गोष्ट याच्या बरीच आधी सुरू होते. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या शोधण्यासाठी फ्रान्सच्या तुलाँ बंदरात पॉल लांजव्हँ पाण्याखाली अल्ट्रासाउंड सोडत होता. त्या झोतात आलेले छोटे मासे मरत. हात घातला तर दुखे. हे अमेरिकन फिजिसिस्ट रॉबर्ट वुडने पाहिलं होतं. पुढे त्याने आल्फ्रेड लूमिस नावाच्या गडगंज पण विज्ञानवेड्या माणसाच्या खासगी प्रयोगशाळेत प्रयोग केले आणि १९२७ साली दोघांनी ते छापले. छोटे मासे आणि बेडूक एक-दोन मिनिटांत मरतात असं त्यांनी नोंदवलं. म्हणजे शरीराच्या आत बघायला हा आवाज वापरण्याआधीच तो जीव घेऊ शकतो हे आपल्याला माहीत होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग आला कार्ल डुसिक, ऑस्ट्रियातला डॉक्टर. १९४२ मध्ये त्याने डोक्याच्या आरपार अल्ट्रासाउंड पाठवून मेंदूतल्या पोकळ्यांचं चित्र काढायचा प्रस्ताव मांडला. नंतर चित्रंही काढली. दिसायलाही झकास. फक्त पुढे, १९५२ च्या सुमाराला, इतरांनी दाखवून दिलं की ती मेंदूची चित्रं नव्हतीच, कवटीच्या हाडाने आवाजात जी गडबड केली तिचीच होती. अल्ट्रासाउंडवाल्यांना आर्टिफॅक्टचा इतका धसका का, ते इथे कळतं. या क्षेत्राची सुरुवातच एका भुताने फसवण्यापासून झाली. पुढे ग्लासगोत इयन डॉनल्डने बॉयलर कारखान्यात धातूतल्या भेगा शोधायचं यंत्र माणसाच्या पोटावर वापरून दाखवलं, १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलं, आणि गाडी रुळावर आली. ती कथा अनेकांनी सांगितली आहे, मी सोडून देतो.

फुफ्फुसाकडे वळणारा पहिला रस्ता मात्र घोड्यांच्या तबेल्यातून जातो. (मला स्वतःला हा भाग सगळ्यात जास्त आवडला.)

१९८६ साली नॉर्मन रँटॅनन या अमेरिकन पशुवैद्याने घोड्यांच्या छातीच्या आजारांवर एक लेख लिहिला. घोड्याची छाती म्हणजे एक खोलीच. सीटी स्कॅनच्या भोकात ती मावत नाही, एक्स-रे काढायचा तर यंत्र दांडगं लागतं, आणि पेशंटला "श्वास धरा" म्हणता येत नाही. प्रोब मात्र बरगड्यांच्या मधे कुठेही टेकवता येतो. निरोगी फुफ्फुस श्वासाबरोबर छातीच्या आतल्या अस्तरावर घसरत असतं आणि ही घसरण पडद्यावर एका चमकत्या रेघेच्या हलण्यातून दिसते. फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्या मध्ये हवा शिरली, म्हणजे न्यूमोथोरॅक्स झाला, की हे घसरणं दिसेनासं होतं. रँटॅननने हे घोड्यात नोंदवलं. आत काय आहे ते दिसत नाही, मान्य. पण दाराशी हालचाल आहे की नाही एवढं तर दिसतं! माणसांमधली अशी निरीक्षणं पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, छापून आली. पशुवैद्य एक पाऊल पुढे होते.

दुसरा धागा १९८२ चा. मार्विन झिस्किन आणि सहकाऱ्यांनी एका पेशंटच्या यकृतात अडकलेल्या बंदुकीच्या छऱ्यामागे दिसणारं धूमकेतूच्या शेपटीसारखं आर्टिफॅक्ट वर्णन करून ठेवलं. छऱ्याच्या आत आवाज पुन्हा पुन्हा आपटतो आणि मागे शेपूट उमटते. तेव्हा ती एक गमतीची नोंद होती.

हे धागे एकत्र विणले ते पॅरिसच्या डॅनियल लिश्टेनश्टाइनने. हा अतिदक्षता विभागातला डॉक्टर. तिथला पेशंट एक्स-रेच्या खोलीपर्यंत नेणं म्हणजे व्हेंटिलेटर, नळ्या, सलाइन अशी सगळी वरात. लिश्टेनश्टाइन १९८२ च्या बनावटीचं एडीआर-४००० नावाचं साधं मशीन घेऊन थेट खाटेशी जायचा. १९९५ मध्ये त्याने फुफ्फुसाच्या घसरण्यावर लिहिलं, आणि १९९७ मध्ये त्या धूमकेतूच्या शेपटांवर. फुफ्फुस कोरडं असलं की पडद्यावर ठरावीक अंतराने आडव्या रेघा दिसतात. या निव्वळ प्रतिध्वनीच्या, प्रोब आणि फुफ्फुसाचं आवरण यांच्या मधल्या. त्यांना नाव मिळालं ए-लाइन. पण फुफ्फुसाच्या जाळीत पाणी साठायला लागलं की आवरणापासून थेट पडद्याच्या तळापर्यंत उभे झोत पडतात, टॉर्च मारल्यासारखे, आणि श्वासाबरोबर डुलतात. या बी-लाइन. पाणी जितकं जास्त तितके झोत जास्त, आणि शेवटी ते एकमेकांत मिसळून सगळं पांढरंफटक.

म्हणजे बघा. इथे चित्रात काय आहे? काहीच नाही. त्या जागी रेघ नाही, झोत नाही, असला कुठलाही अवयव नाही. सगळी भुतं आहेत. पण भुतं खरं बोलतात. डुसिकच्या कवटीने आपण मेंदू आहोत असं भासवलं, फुफ्फुसाच्या रेघा मात्र आपण दुसरं काही असल्याचा आव आणत नाहीत. आमचे फिल्टर नेमकं यांनाच पुसून टाकत होते.

आता प्रयोगशाळेकडे जाऊ, कारण खरा पेच तिथे आहे.

१९६७ साली डेन्व्हरच्या डॉक्टरांनी एका भयंकर आजाराचं वर्णन केलं, ज्याला आज एआरडीएस म्हणतात. अपघात, जंतुसंसर्ग, काहीही निमित्त होतं आणि फुफ्फुसाच्या केशवाहिन्या गळायला लागतात. वायुकोशांत पाणी भरतं, माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. हा आजार समजून घ्यायला प्राणी लागले. १९७४ मध्ये वेब आणि टियर्नी यांनी भूल दिलेल्या उंदरांना (घुशीएवढे ते मोठे रॅट) व्हेंटिलेटरवर ठेवून ४५ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने हवा भरली. तासाभराच्या आतच त्यांची फुफ्फुसं रक्ताने आणि पाण्याने भरली. म्हणजे वाचवणारं यंत्रच जास्त जोराने चालवलं तर मारतं. या दिशेने चाललेल्या कामाचं फळ २००० साली मिळालं. ८६१ पेशंटच्या अमेरिकन चाचणीत व्हेंटिलेटरचा श्वास किलोमागे १२ मिलिलिटरऐवजी ६ मिलिलिटर ठेवला, तर मृत्यूचं प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आलं. प्राण्यांवरचे प्रयोग कशाला, असं विचारणाऱ्यांना (मीही त्यातलाच होतो, अजूनही अर्धा आहे) हा आकडा विचारात घ्यावाच लागतो.

पण या प्रयोगांत मोजमाप कसं करायचे? फुफ्फुसात किती पाणी साठलंय हे बघण्याची खात्रीची पद्धत अशी. प्राणी मारायचा, फुफ्फुस काढायचं, वजन करायचं. मग ओव्हनमध्ये दोन-तीन दिवस, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत सुकवायचं आणि परत वजन करायचं. ओल्या आणि सुक्या वजनाचं गुणोत्तर म्हणजे उत्तर. पद्धत साधी, स्वस्त आणि भरवशाची. पण एका प्राण्याकडून एकच आकडा मिळतो, आणि तोही शेवटचा. दुखापत पहिल्या तासाला किती होती, तिसऱ्याला किती, सहाव्याला किती असा आलेख हवा असेल तर दर तासासाठी वेगळे प्राणी. प्रत्येक ठिपक्यामागे एक पिंजरा रिकामा. शिवाय पहिल्या तासाचा उंदीर आणि सहाव्या तासाचा उंदीर वेगळे, म्हणून त्यांच्यातला फरक दुखापतीचा की त्या उंदरांचाच, हे ठरवायला आणखी उंदीर.

आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोग्रॅम क्रॅश झाल्यावरच कोअर डंप बघता येतो, चालू असताना लॉग मिळत नाही. फरक एवढाच की आमचा प्रोग्रॅम परत चालू करता येतो.

रसेल आणि बर्च या दोन इंग्रजांनी १९५९ मध्येच सांगून ठेवलं होतं की प्राणी वापरायचेच असतील तर शक्य तिथे त्यांना पर्याय शोधा, संख्या कमी करा, यातना कमी करा. सांगणं सोपं. संख्या कमी करायची तर न मारता मोजणारं काहीतरी हवं. सीटी स्कॅन आहे, पण महाग, आणि दर तासाला बेशुद्ध डुक्कर स्कॅनरमध्ये कोण घालणार?

इथे इटलीतल्या पिसाच्या मंडळींचा प्रवेश होतो. युजेनियो पिकानो यांचा गट हृदयाच्या पेशंटमध्ये या बी-लाइन मोजत होता. २००७ साली लूना गार्गानी आणि सहकाऱ्यांनी डुकरांवरचा प्रयोग छापला. डुकरांना ओलेइक आम्ल शिरेतून दिलं. हे आम्ल फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतं आणि त्या गळू लागतात. मग ठरावीक वेळाने छातीवर प्रोब ठेवून बी-लाइन मोजायच्या आणि रक्तातला ऑक्सिजनही बघायचा. सापडलं ते असं, की ऑक्सिजन अजून बरा दिसत असतानाच बी-लाइन वाढायला लागल्या होत्या. अतिदक्षता विभागात एरवी ज्या आकड्याकडे डोळे लावून बसतात तो गप्प असताना भुतं बोलायला लागली होती. २०१० मध्ये याच गटाने पुढचा प्रश्न घेतला, या रेघा खरंच पाणी मोजतात का? उत्तर शोधायला डुकरांची फुफ्फुसं काढून, वजन करून, सुकवून रेघांच्या आकड्यांशी ताडून पाहिली. जुळली.

यातला विरोधाभास मला बरेच दिवस सलत होता. न मारता मोजता येतं हे सिद्ध करायला मारावंच लागलं. पण दुसरा मार्ग मलाही सुचत नाही. नवा मापक जुन्या मापकाशी ताडल्याशिवाय कोण विश्वास ठेवेल? ती डुकरं गेली, आणि त्यानंतरच एकाच प्राण्याकडून पूर्ण आलेख मागण्याचा हक्क संशोधकांना मिळाला. हे समर्थन पुरेसं आहे का, ते ज्याने त्याने ठरवावं. मला ते पुरेसं वाटतं, पण फार आरामात वाटत नाही.

इथपर्यंत गोष्ट सरळ होती. आता ते मासे आठवा.

१९९० साली रॉचेस्टर विद्यापीठात सॅली चाइल्ड, एडविन कार्स्टेन्सन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या छातीवर अल्ट्रासाउंडचे स्पंद सोडले. ताकद साधारण दवाखान्यातल्या मशीनच्या पट्ट्यातली. फुफ्फुसात रक्तस्राव झाला. नंतर इतरांनी डुकरांत आणि माकडांतही हे पाहिलं. म्हणजे फुफ्फुसाची इजा मोजण्याआधी अल्ट्रासाउंडने ती केली होती, आणि ज्याच्यामुळे चित्र दिसत नव्हतं ती हवाच इथेही कारणीभूत होती. (घरात कोणी गरोदर असेल तर काळजी नको. पोटातल्या बाळाच्या फुफ्फुसात हवा नसतेच.) आज मशीनच्या पडद्यावर कोपऱ्यात एमआय, म्हणजे मेकॅनिकल इंडेक्स, असा आकडा दिसतो. लहरीतला उणा दाब भागिले फ्रिक्वेन्सीचं वर्गमूळ. अमेरिकेत त्याची कमाल मर्यादा १.९. हा आकडा मुळात या विचारातून आला की आवाज ऊतीमध्ये सूक्ष्म बुडबुडे फोडून इजा करतो. पण २००० मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या विल्यम ओब्रायन यांच्या गटाने उंदरांना उच्च दाबाखाली ठेवून पाहिलं. दाबाखाली बुडबुडे दबायला हवेत आणि इजा कमी व्हायला हवी. ती कमी झाली नाही. म्हणजे सूत्र एका कारणासाठी बनवलेलं, आणि फुफ्फुसातली इजा दुसऱ्याच कारणाने होणारी. लेगसी कोडमध्ये असं पदोपदी भेटतं, पण शरीराच्या बाबतीत वाचताना अंगावर काटा येतो.

आणि मग २०१२. मिशिगन विद्यापीठातल्या डग्लस मिलरने उंदराच्या (पुन्हा रॅट) छातीवर नेहमीचं निदानाचं मशीन लावलं आणि पडद्याकडे बघत बसला. निरोगी फुफ्फुस, स्वच्छ चित्र. काही मिनिटांत एक बी-लाइन उगवली. मग दुसरी, मग त्या पसरायला लागल्या. नंतर फुफ्फुस उघडून पाहिलं तर त्याच जागी रक्ताचा डाग. एमआय १.९ च्या बराच आत. ज्या प्रोबने इजा होत होती तोच ती दाखवतही होता. आम्ही ज्याला हायझेनबग म्हणतो, डीबगर लावला की वागणं बदलणारा बग, त्याचा इतका लख्ख नमुना मी दुसरा पाहिलेला नाही. पुढे त्याच गटाने दाखवलं की भूल कशाची दिली यानेही फरक पडतो. झायलाझिन हे पशुवैद्यकातलं नेहमीचं औषध वापरलं तर रक्तस्राव वाढतो. म्हणजे दोन प्रयोगशाळा, एकच मशीन, भुलीची औषधं वेगळी, आणि 'इजेचे' आकडे वेगळे.

माणसाच्या बाबतीत असं काही घडल्याचा पुरावा नाही. आपली छातीची भिंत जाड असते आणि तिच्यातून जाताना आवाज बराच क्षीण होतो. तरीही ब्रिटनच्या अल्ट्रासाउंड संघटनेच्या मार्गदर्शनात नवजात बाळाच्या छातीसाठी ०.३ च्या वर इजेची शक्यता धरायला सांगितलं आहे. प्राण्यांत मात्र शहाणपण एवढंच की ताकद कमी ठेवा, प्रोब एका जागी रेंगाळू देऊ नका, आणि एक गट असा ठेवा की ज्याला फक्त स्कॅन केलं, दुसरं काही नाही.

लहान उंदरांचं आणखी एक झेंगट आहे. माणसाच्या छातीवर ३ ते ५ मेगाहर्ट्झचा प्रोब चालतो, पण उंदराची छाती बोटाच्या पेराएवढी आणि हृदय मिनिटाला ५००-६०० वेळा धडधडतं. तिथे ३०-४० मेगाहर्ट्झ लागतात. टोरंटोच्या व्हिज्युअलसॉनिक्सने अशी यंत्रं बनवली आणि उंदरांच्या प्रयोगशाळांत ती रुळली. पण बी-लाइन फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलते, प्रोबप्रमाणे बदलते, सेटिंगप्रमाणे बदलते. उंदरातल्या पाच रेघा आणि डुकरातल्या पाच रेघा म्हणजे एकच पाणी नव्हे. शिवाय रेघ हे सांगत नाही की पाणी हृदय थकल्यामुळे आलं की केशवाहिन्या गळल्यामुळे. त्यासाठी आवरणाची रेघ खडबडीत झाली आहे का, मधे मधे निरोगी तुकडे सुटलेत का हे बघावं लागतं. माणसांमध्ये २००८ साली इटलीतल्याच रोबेर्तो कोपेत्ती यांच्या गटाने हे दाखवलं. आणि खोल गाभ्यातली इजा आवरणापर्यंत पोचली नसेल तर प्रोबला ती दिसणारच नाही, कारण मधे हवा आहे.

म्हणून ओव्हन अजून बंद झालेला नाही. २०११ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या कार्यशाळेने प्राण्यांत फुफ्फुसाची तीव्र इजा झाली असं कधी म्हणायचं, याचे चार निकष ठरवले. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी ऊतीची हानी, गळणारी भिंत, दाह आणि बिघडलेलं काम. त्यातला पहिलाच मृत्यूनंतर तपासायचा असतो. अल्ट्रासाउंडने फुफ्फुस कापण्याची गरज संपवली नाही, पण मधल्या ठिपक्यांसाठी प्राणी मारण्याची गरज बरीच कमी केली.

माणसांच्या बाजूला घटना वेगाने घडल्या. रवांडात किगालीच्या रुग्णालयात एआरडीएसच्या व्याख्येत बसायला लागणारी साधनं, म्हणजे व्हेंटिलेटर, रक्तातल्या वायूंची तपासणी आणि एक्स-रे, अनेक पेशंटना मिळतच नव्हती. व्याख्येप्रमाणे मग तिथे हा आजार जवळपास नव्हताच! २०१६ मध्ये छापलेल्या अभ्यासात तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रेच्या जोडीला फुफ्फुसाचा अल्ट्रासाउंड धरला, आणि पेशंट मोजता यायला लागले. २०२४ मध्ये छापून आलेल्या नव्या जागतिक व्याख्येत एक्स-रे आणि सीटीच्या शेजारी अल्ट्रासाउंडही बसला आहे.

आमच्या मशीनमध्ये फुफ्फुसाचा मोड निवडला की आता सगळे फिल्टर बंद होतात आणि एमआय आपोआप खाली येतो. त्या दुसऱ्या अटीबद्दल मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं, "हे कशाला?" मी उंदराची गोष्ट सांगायला सुरुवात केली, तर मॅनेजर म्हणाले की हे ऑफलाइन बोलू.